गाण्यात पाणी प्यायची जागा

माझ्या आत्याचं नाव झुंबर. ती जन्मली त्याच आठवड्यात आजोबांनी बारामतीला कुणाच्या तरी लग्नात काचेचं झुंबर पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि लोणी भापकरला परत येईपर्यंत ते त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. आमच्या घरात तेव्हा विजेचा दिवासुद्धा नव्हता. मुलीचं नाव मात्र झुंबर ठेवलं गेलं.

पुढं लग्न होऊन ती इंदापूर तालुक्यात कळंबला गेली. दोन मुली झाल्या, त्याही नांदायला गेल्या. तिथं बावीस वर्षं आत्यानं बायकांची टोळी चालवली. टोळी म्हणजे चौदा बायका. खुरपणी असो, कांद्याची लागण असो, मिरचीची तोडणी असो, ज्याच्या रानात काम असेल त्याची पिकअप सकाळी पुलापाशी येऊन थांबते. ड्रायव्हरशेजारची जागा मुकादमाची असते, पण आत्या तिथं कधी बसली नाही. ती मागं, बायकांच्यात उभी राहायची. तिथून गाता येतं म्हणून.

मी स्वरूपा, तिच्या भावाची मुलगी. जळोचीत राहते, बारामतीतल्या एका शाळेत गाणं शिकवते. माझ्याकडं पेटी आहे, परीक्षांची प्रमाणपत्रं आहेत. आत्याला सही तेवढी येते. पण गाणं म्हणजे काय हे मला पेटीच्याही आधी तिच्याकडून कळलं. सुट्टीत कळंबला गेले की मी बांधावर बसायचे आणि समोर हिरव्या पिकातून चौदा पाठी हळूहळू सरकत असायच्या. मधून एक आवाज वर यायचा, मग बाकीच्या त्याच्या ओळीचं शेपूट उचलून लांबवत न्यायच्या. ह्याला झील धरणं म्हणतात. एकटीनं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी झील धरायची, आणि हात चालत राहायचे. आजोबांनी ज्वारीच्या काढणीत आत्याला हे शिकवलं होतं.

टोळीत झील धरावी ती अनितानं. तिशीतली बाई, अंगानं किडकिडीत, पण आवाज जाडसर, भिजल्या मातीसारखा. आत्या सगळ्यांना सांगायची, "मी पतंग हाय, ही माजी दोरी."

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जून संपत आला होता. एका रानात खुरपणी चालली होती आणि आत्या नेहमीचं गाणं म्हणत होती. मृगाचा पाऊस ठरल्या वेळेला येतो, शिवार हिरवा शेला पांघरतं, अशा अर्थाचं. पायांखाली धूळ उडत होती. प्रगती नावाची एक मुलगी टोळीत नवी आली होती, बारावी झालेली. तिनं खुरपं थांबवून विचारलं, "आक्का, मिरीग कोरडा गेला. आन गेल्या साली दिवाळीच्या फराळात ओढ्याला पूर आलता. मग आपण हे कुनाचं गाणं म्हणतोय?"

बायका हसल्या. आत्याही हसली. मग तिनं पुढची ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि ती ओळ आलीच नाही.

त्या दिवसापासून आत्यानं रानात गाणं सोडलं. हळूहळू तरुण बायकांच्या कानात वायरी आल्या, प्रत्येकीच्या कानात वेगळं गाणं. मी एकदा आत्याला म्हटलं, "एवढं काय मनाला लावून घेतलंस? गाणं ते गाणं."

ती म्हणाली, "गाणं खोटं न्हाय गं सरू. पण ते ज्या दिवसांचं हाय, ते दिवस कुठंतरी दुसरीकडंच राहायला गेल्यात."

पुढच्या वर्षी चैत्र लागायच्या आधीच ऊन चढलं. सर्जेराव तात्यांच्या उसात खुरपणी होती. ऊस छातीएवढा झाला की आत वारा शिरत नाही. वरून ऊन, खालून भिजवलेल्या जमिनीची वाफ. दुपारी एकच्या सुमाराला बायका पातीच्या टोकाला बाहेर पडल्या. खुरपताना प्रत्येकीच्या वाट्याला जी ओळ येते ती तिची पात. तेरा बायका बाहेर आल्या. अनिताची पात मधेच थांबली होती.

आत्या परत आत शिरली. अनिता उसात गुडघ्यांवर बसली होती, खुरपं हातात, आणि कुणाशी तरी बोलल्यासारखी पुटपुटत होती. अंग तापलेल्या तव्यासारखं, पण घामाचा टिपूस नाही. आत्यानं तिच्या डोक्यावर कळशी ओतली आणि तिला उचलून बाहेर आणलं. सर्जेराव तात्यांनी स्वतः गाडी काढली. बारामतीपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही, असं आत्या सांगते.

अनिता नऊ दिवस दवाखान्यात होती. तिचा नवरा भिमा आणि आत्या आळीपाळीनं तिच्याजवळ बसायचे, त्यामुळं ते नऊ दिवस आत्या जळोचीत माझ्याकडंच राहिली. अनिता वाचली. पण डॉक्टरांनी सांगितलं की उष्णता मेंदूपर्यंत गेली आहे. शब्द सापडायला वेळ लागेल, कदाचित सगळे सापडणारही नाहीत. आणि ह्यापुढं उन्हात काम करायचं नाही.

त्याच दिवसांत मी शाळेच्या पर्यावरण दिनासाठी गाणं बसवत होते. शब्दही माझे, चालही माझी. हिरवी धरती, निळं आकाश, किलबिलणारे पक्षी, त्यांना वाचवू या. एका संध्याकाळी आत्या दवाखान्यातून आली, मी चहा दिला आणि पेटीवर ते गाणं म्हणून दाखवलं. तिनं बशीतला चहा संपवला.

"चाल गोड हाय," ती म्हणाली.

"पण?"

"पण ह्या गाण्यात कुनाला घाम येत न्हाय."

मला राग आला. मी म्हटलं, "लहान मुलांचं गाणं आहे, आत्या."

"असंल. पण माणूसच न्हाय ह्यात. झाडं हायती, पाखरं हायती. ऊन कुनाच्या पाठीवर पडतं ते कुठं सांगितलंस?"

ती बशी विसळून झोपायला गेली. मी पेटी बंद केली. त्यानंतर ते गाणं मला कधी पुरं म्हणता आलं नाही.

बरी झाल्यावर भिमानं अनिताला तिच्या माहेरी ठेवलं. माहेर भिगवणच्या पलीकडं, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठी. तिथं तिची आई होती, पडवी होती, सावली होती. मे महिन्यात आत्या तिला भेटायला निघाली. शाळेला सुट्टी असल्यानं मीही बरोबर गेले.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार टळायची होती. पाणी खूप मागं गेलं होतं. ज्या गाळावर एरवी होड्या असतात तिथं भेगा पडल्या होत्या, आणि त्या भेगांवरून हवा अशी थरथरत होती की दूरचं काहीही जागेवर राहत नव्हतं. एक बाभूळ पाण्यावर तरंगत असल्यासारखी वाटली, मग ती जमिनीवर आली, मग पुन्हा वर उचलली गेली. त्याच्याही पलीकडं रोहित पक्ष्यांची एक गुलाबी रेघ होती. ती कधी पाण्यात दिसायची, कधी आभाळात. सगळं गाव झोपलेलं. आम्ही तिघी पडवीत बसलो होतो आणि मलाही आपण जागे आहोत की नाही ते नीट सांगता आलं नसतं.

अनिता शेंगा फोडत होती. आत्याला तिनं ओळखलं. डोळे भरून आले, ओठ हलले, पण नाव येईना. दोन-तीनदा तिनं प्रयत्न केला. मग तिनं आत्याचा हात धरला, डोळे मिटले, आणि झील धरली.

शब्द नव्हतेच. एकच सूर, लांब, सपाट, कुठंही न वळणारा. श्वास संपला की थांबायची, श्वास घेऊन तोच सूर पुन्हा लावायची. एक केसभरही इकडं-तिकडं होत नव्हता. जे सगळं तिच्यातून निघून गेलं होतं, त्यात हा सूर तेवढा राहिला होता. तिची आई आतून दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

आत्या कितीतरी वेळ नुसती ऐकत होती. मग अगदी हळू, झोपेत बोलावं तसं, तिनं त्या सुरावर पाय ठेवला.

"सूर्यनारायणा, तुजा पाट बदलला,
चैताचा उन्हाळा माघातच उतरला."

पुढं काही नाही. तेवढंच. अनिताची झील चालू राहिली. समोरची रेघ एकाएकी उडाली, आभाळ थोडा वेळ गुलाबी दिसलं आणि पुन्हा पांढरं झालं.

परतीच्या एसटीत आत्या म्हणाली, "मी ती ओवी केली न्हाय बग. तिच्या सुरात ती बसलेलीच व्हती. मी हात धरून बाहेर आणली."

पण बाकीचं गाणं असं आपसूक आलं नाही. त्याला पुढचे दोन महिने लागले. आत्या लिहीत नाही, त्यामुळं ती सकाळी पिकअपची वाट बघताना मला फोन करायची, एखादी ओळ म्हणायची आणि सांगायची, "ठेव तुज्यापाशी." मी वहीत उतरवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "कालची खोड ती. सावलीत जमली व्हती, उन्हात टिकली न्हाय."

हे तिचं मोजमाप होतं. ओळ कितीही चांगली असो, सकाळी साडेदहाला, वाकून, हातात खुरपं असताना, एका दमात म्हणता आली पाहिजे. जुन्या गाण्यांतल्या ओळी लांब होत्या, कारण तेव्हाचा दम लांब होता. आता दम आखूड झालाय, असं ती म्हणायची. म्हणून तिनं शब्द काढून टाकले. माझ्या वहीत तिनं खोडलेल्या ओळी ठेवलेल्या ओळींच्या चौपट आहेत. त्यांतल्या काही इतक्या सुंदर आहेत की मला हळहळ वाटते. तिला वाटत नाही.

एकदा मी अनिताचा सूर पेटीवर शोधायला बसले. सापडेना. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे कुठंतरी तो होता, आणि पेटीत त्या जागी पट्टीच नाही. मी आत्याला फोनवर म्हटलं, "तो सूर थोडा वर घेऊ या का? म्हणजे साथ करता येईल."

"एवढ्या दुखण्यातून उठलेल्या बाईनं," ती म्हणाली, "तुज्या पेटीसाठी सरकायचं व्हय?"

मी पुन्हा विचारलं नाही.

गाणं तयार झालं तेव्हा त्यात बारा ओव्या होत्या. हस्त नक्षत्राच्या हत्तीची एक होती, हत्ती वाट चुकतो आणि काढून ठेवलेल्या कांद्यावर सोंड रिकामी करतो. एक रात्रीसुद्धा न निवणाऱ्या पत्र्याच्या घराची होती. मोहोर गळालेल्या आंब्याची होती. आणि ही होती:

"अनिता गं माजी, पातीवर वाकली,
उठताना तिची सावली भुईला चिकटली."

ही ओवी आत्यानं आधी अनिताला जाऊन ऐकवली. म्हणू का, असं विचारलं. अनितानं मान हलवली आणि "म्हण" असा एक शब्द काढला.

पण मला सगळ्यांत नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दर तीन ओव्यांनंतर हे कडवं येतं:

"थांब माज्या बाई, गळा वला कर,
तू हायस म्हणून हाय हे शिवार."

आणि त्यानंतर गाणं थांबतं. झीलसुद्धा थांबते. पाच-सहा श्वास काहीच नाही. वहीत ती जागा कशी लिहायची मला कळेना. मी विचारलं, "इथं काय आहे?"

"तितं पाणी प्यायचं," आत्या म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात टोळी पुन्हा सर्जेराव तात्यांच्या रानात गेली. दोन वर्षांनी आत्या रानात गायली. बायकांनी कानातल्या वायरी काढल्या, झील प्रगतीनं धरली. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते, बांधावर उभी होते. तात्याही माझ्या शेजारी उभे. एकेक ओवी पातभर घोळवत तीन ओव्या झाल्या, कडवं झालं, आणि तेरा बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. प्रत्येकीनं पाठीला बांधलेली बाटली काढली. रानात पाणी गिळल्याचा आवाज तेवढा येत होता.

तात्यांनी हाक मारली, "झुंबरबाई, गाणं मधीच का तुटलं?"

"तुटलं न्हाय तात्या. गाण्यात तसंच हाय."

"आसं कसलं गाणं, गप उभं राहायचं?"

"गप कुठं? पाणी पितोय की."

बाराव्या ओवीनंतर, अकराच्या ठोक्याला, बायका खुरपी धुवायला लागल्या तेव्हा तात्या बांधावरून खाली उतरले. "आजून दुपार व्हायची हाय," ते म्हणाले. "पूर्वी दोनपातूर काम व्हायचं."

"आमी पाचला आलो तात्या. चारला परत येतो, अंधार पडंस्तवर करतो. तुमची पात ऱ्हायची न्हाय." आत्यानं खुरपं पदराला पुसलं. "पर बारा ओव्या झाल्या की उसात बाई ऱ्हानार न्हाय."

तात्या उसाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या दिशी गाडीत मला वाटलं, मागं वळून बगितलं तर ती मेलेली असंल." त्यांनी टोपी काढली, डोकं पुसलं. "चारला या."

दुसऱ्या दिवशी पातींच्या दोन्ही टोकांना थंड पाण्याचे जार ठेवलेले होते, वर ओलं पोतं. आत्या सांगते, तिसऱ्या दिवशी तात्या बांधावर मोबाईल बघत उभे होते आणि त्यांच्याही नकळत खालच्या आवाजात झील धरत होते. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं, पण कुणी हसलं नाही.

मी ते गाणं बारामतीला आणलं. शाळेच्या पुढच्या पर्यावरण दिनाला माझ्या मुलांच्या ऐवजी आत्याची टोळी मंचावर आली. अनितालाही आणलं होतं, ती खुर्चीवर मधोमध बसली. आयोजकांनी मला आधी विचारलं होतं, मधल्या जागा जरा कमी करता येतील का, कार्यक्रम लांबतोय. मी नाही म्हटलं, आणि ते म्हणताना माझा आवाज आत्यासारखा निघाला.

पेटी नव्हती, तबला नव्हता. अनितानं सूर लावला आणि सभागृहातला पंख्यांचा आवाजसुद्धा त्यात बुडाल्यासारखा झाला. पहिलं कडवं झाल्यावर गाणं थांबलं तेव्हा लोकांना वाटलं संपलं, टाळ्या सुरू झाल्या. बायका शांतपणे पाणी प्यायल्या. टाळ्या विरत गेल्या. दुसऱ्या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेत कुठंतरी बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग खूप सारे. पालक, शिक्षक, मुलं, सगळे पाणी पीत होते. त्या एवढ्याशा वेळात मला वाटलं की सभागृहाच्या भिंती मागं सरल्यात आणि आम्ही सगळे कुठल्यातरी मोठ्या, तापलेल्या रानात एकमेकांशेजारी उभे आहोत.

ते गाणं आता कळंबच्या आसपासच्या सात-आठ टोळ्या म्हणतात. कुणी ओव्या बदलतात, कुणी अनिताच्या जागी आपल्या बाईचं नाव घालतात. तशी नावं प्रत्येक टोळीकडं आहेत, हे आम्हाला तेव्हाच कळलं. पाण्याची जागा मात्र कुणी बदललेली नाही. सगळे मालक सर्जेराव तात्यांसारखे नाहीत. काही ठिकाणी अजून दोनपर्यंत काम चालतं, आणि तिथल्या बायका ते गाणं नुसतं पिकअपमधे म्हणतात.

आत्याचे गुडघे थकलेत. टोळी आता प्रगती चालवते. आत्या आणि माहेरून परत आलेली अनिता एका रोपवाटिकेत जातात, हिरव्या जाळीखाली, तिथं ट्रेमधे बी टोचायचं काम असतं. अनिताला आता बरेच शब्द येतात, पण झुंबर हे नाव अजून आलेलं नाही. ती आत्याला "ए" म्हणते. आत्याला ते पुरतं.

गेल्या पौषात मी त्यांना भेटायला गेले. दुपारी स्वेटर काढून हातात घेऊन मी जाळीखाली शिरले, तर आत्या बी टोचता टोचता स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, मधेच थांबत होती, मान हलवत होती.

"नवं गाणं?" मी विचारलं.

"थंडीचं करावं म्हणते. आवंदा आलीच न्हाय नीट." तिनं बोटावरची माती झटकली. "पर जमंना बग. ऊन अंगावर बसतं, त्याचा सूर धावत येतो. जे आलंच न्हाय त्याची चाल कुठनं धरायची?"

अनितानं ट्रे पुढं सरकवला. जाळीतून गाळून आलेला उजेड तिच्या हातांवर हिरवा पडला होता.

"बस की सरू," आत्या म्हणाली. "वही आणलीस का?"